नव्वदावा दिवस

एकदा एका रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एका बंदराच्या गावी, बंद झालेल्या दंतवैद्यकीय दवाखान्यात, एका वृद्ध डॉक्टरांनी आपल्या शिष्येने बसवलेले अकरा जिवंत प्रवाळ दोन बोटांनी उपटून काढले. खोलीत त्या वेळी पाच माणसे आणि एक कॅमेरा हजर होता. वीज चालू होती. टाकीतले पाणी स्वच्छ होते. कोणाचे कोणाशी भांडण झालेले नव्हते आणि डॉक्टरांचा हात थरथरत नव्हता. हे सारे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे हा प्रकार ‘म्हाताऱ्याचे डोके फिरले’ अशा शब्दांत गावभर सांगितला गेला, आणि तो सांगणारा माणूस त्या पाचांपैकीच एक होता.

डॉक्टरांनी चाळीस वर्षे त्या गावाचे दात काढले, भरले आणि बसवले. हात शाबूत असतानाच त्यांनी दवाखाना बंद केला. रुग्णाला निजवायची खुर्ची मात्र तिथेच राहिली, कारण ती जिन्यातून खाली उतरेना. डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे गावाच्या काकू, त्या खुर्चीत बसून लसूण सोलत. भिंतीला लागून सहा फूट लांबीची काचेची टाकी होती. तिच्यात खारे पाणी, वरून निळसर दिवे, आत लाटा उठवणारे दोन पंप, आणि त्या लाटांत जिवंत प्रवाळांचे एक छोटे बेट.

आपल्याला पोवळे माहीत असते ते अंगठीतले. म्हणजे मेलेले. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे, आणि एक नव्हे, हजारो. एकेक जीव तांदळाच्या कणीएवढा. त्याला डोळे नाहीत, पाय नाहीत, हाडे तर नाहीतच. तरीही तो पाण्यात विरघळलेला चुना वेचतो आणि स्वतःच्या अंगाखाली दगड बांधतो. बांधतो आणि त्यावर बसतो, पुन्हा बांधतो आणि पुन्हा वर सरकतो. माणूस घर बांधतो तेव्हा गवंडी वेगळा, दगड वेगळा, राहणारा वेगळा. इथे तिन्ही एकच. डॉक्टरांच्या टाकीतला थोरला प्रवाळ बावीस वर्षांपूर्वी दूरच्या शहरातल्या एका मित्राकडून आला होता. त्या मित्राला तो आणखी कोणाच्या टाकीतून मिळाला होता. आला तेव्हा नखाएवढा होता. आता त्याचा विस्तार परातीएवढा झाला होता. समुद्रातून एकही तुकडा उचलायचा नाही, हा डॉक्टरांचा नेम. जे वाढवायचे ते एका घरातल्या प्रवाळाची फांदी तोडून दुसऱ्या घरात लावायचे, तुळशीच्या मंजिऱ्या शेजारी देतात तसे.

शिष्येचे नाव हेमांगी. होडीवाल्याची मुलगी, सागरी जीवशास्त्राची पदवी घेतलेली, श्वास रोखून दीड मिनिट बुडी मारणारी. बंदराच्या दक्षिणेला खडकांची एक रांग आहे. तिथे लाटा अडवणारी नवी भिंत बांधायचे ठरले होते. त्या खडकांवर जिवंत प्रवाळांच्या दोनशे चौदा वसाहती निघाल्या. परवानगी देणाऱ्या कार्यालयाने अट घातली की भराव टाकण्यापूर्वी त्या वसाहती उचलून भूशिराच्या टोकापलीकडच्या खडकावर बसवाव्यात, आणि त्या बसल्याचे सातव्या दिवशी लेखी कळवावे. भिंतीचा ठेका ज्याच्याकडे होता त्याने या कामासाठी हेमांगीला नेमले. तिची ती पहिलीच नोकरी.

पदवीच्या पुस्तकात प्रवाळाचे वंशवृक्ष होते, पण प्रवाळ दगडावर कसा लावायचा हे नव्हते. आणि समुद्रात चुकून शिकायची सोय नव्हती. तिथला प्रत्येक प्रवाळ एकदाच उचलता येणार होता. म्हणून ती डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी विचारले, माझ्याविषयी काय ऐकलं आहेस. तिने खरे ते सांगितले, की माझ्या आजीची कवळी तुमच्याकडची आहे आणि ती म्हणते की डॉक्टर माणसांवर ओरडतात, माशांवर नाही. काकू खुर्चीतून म्हणाल्या की आजी बरोबर सांगते, बावीस वर्षांत या माणसाने जेवढे मीठ त्या टाकीत घातले तेवढे माझ्या आमटीत घातले असते तर सगळे गाव रक्तदाबाने मेले असते.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी हाड कापायची जुनी कात्री उकळून घेतली आणि थोरल्या प्रवाळाची बोटाएवढी फांदी कापली. कट्ट असा आवाज झाला. हेमांगीने डोळे मिटून घेतले. कापलेल्या जागेतून पारदर्शक चिकट स्राव सुटला, आणि त्या सबंध प्रवाळावरच्या हजारो चिमुकल्या तोंडांनी एकाच वेळी स्वतःला आत ओढून घेतले. क्षणापूर्वी बहरलेले ते झाड उघडेबोडके झाले. ज्याला मेंदू नाही त्याच्या एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकाला कोणी पोहोचवली, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते. पाहताना मात्र तिच्या अंगावर काटा आला.

मग तिने स्वतः अकरा फांद्या कापल्या. दातांची मापे घ्यायच्या जुन्या साच्यांत डॉक्टर सिमेंटच्या लहान चकत्या ओतून ठेवत आणि त्या महिनाभर पाण्यात मुरवत. त्या चकत्यांवर तिने एकेक फांदी झटपट सुकणाऱ्या डिंकाने उभी केली. पडू नये म्हणून डिंक भरपूर लावला. बुंध्याभोवती गोल फासून बोटाने नीट गुळगुळीत केला. काम देखणे झाले. डॉक्टर पाहत होते. त्यांनी तिला अडवले नाही.

तीन दिवस फांद्या मिटलेल्या राहिल्या. चौथ्या दिवशी एका फांदीच्या शेंड्याशी एक तोंड उमलले, खसखशीएवढे, टोकाला हिरवी झाक असलेले. संध्याकाळपर्यंत शंभर उमलली. तोडलेले, हवेत धरलेले, परक्या दगडावर डकवलेले ते तुकडे पुन्हा पाण्यातले अन्न टिपू लागले. हेमांगीने कोणाला हाक मारली नाही. ती टाकीसमोर जमिनीवर बसून राहिली आणि काकूंनी दिलेला चहा तिच्या हातात थंड झाला.

सातव्या दिवशी अकराही फांद्या टवटवीत होत्या. तिने ठेकेदाराला फोन करून सांगितले. ही तिची चूक म्हणता येणार नाही, आनंद होता.

ठेकेदार दुसऱ्याच दिवशी, त्या रविवारी, फोटोग्राफर घेऊन हजर झाला. त्याला कार्यालयापुढे मांडायला एक चित्र हवे होते: अकरापैकी अकरा, यश शंभर टक्के. माणूस गावचाच. काकूंनी लसणाची परडी उचलून त्याला ती खुर्ची दिली. तो बसला आणि हसून म्हणाला की याच खुर्चीत डॉक्टरांनी लहानपणी माझी दाढ काढली होती आणि मी आठ दिवस त्यांच्या दारावरून शाळेत गेलो नाही, मागच्या गल्लीने गेलो. डॉक्टरही हसले. त्यांनी बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात धुतले, आणि फोटोग्राफर दिव्याचा कोन ठरवत असताना टाकीत हात घातला.

पहिली फांदी दोन बोटांत धरून त्यांनी किंचित पिळली. टक् असा बारीक आवाज झाला आणि ती चकतीवरून सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटली. खाली खाऱ्या पाण्याने भरलेला स्टीलचा ट्रे होता. एकेकाळी उपटलेले दात ज्यात पडत त्याच ट्रेमध्ये त्यांनी अकराही फांद्या एका ओळीत ठेवल्या. चकत्या टाकीत तशाच राहिल्या, डिंकाचे अकरा पांढरे खळगे घेऊन.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. काकू लसूण सोलायच्या थांबल्या. हेमांगीचा चेहरा उतरला. ती एवढेच म्हणाली, “डॉक्टर, जिवंत होते ते.”

“अजून आहेत,” डॉक्टर म्हणाले.

ठेकेदार खुर्चीत उठून बसला. “तेव्हाही तुम्ही न विचारता ओढलंत आणि आताही न विचारता.”

“तेव्हा दाढ किडली होती. इथे काहीच किडलेलं नाही. इकडे या दोघं.”

डॉक्टरांनी टाकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका फांदीकडे बोट दाखवले. ती त्यांनी पावसाळा सरताना लावली होती. दिसायला हेमांगीच्या फांद्यांसारखीच, किंबहुना थोडी खुजी. त्यांनी ठेकेदाराला हात धुवायला लावले आणि सांगितले, “ओढा.”

ठेकेदाराने भीतभीत धरून हलवले. काही झाले नाही. “जोर करा, माझी परवानगी आहे.” त्याने जोर केला. फांदी हलली नाही. चकती हलली, चकतीखालचा दोन किलोचा दगड हलला, तो दगड वाळूतून वर आला, पण फांदी चकतीवरून सुटेना. ठेकेदाराने हात बाहेर काढला. बाहीतून पाणी ठिबकत होते.

डॉक्टरांनी दात तपासायचे आपले भिंगाचे चष्मे काढले. एक हेमांगीला दिला, एक ठेकेदाराला. दोघे काचेला नाक लावून उभे राहिले. फांदीच्या बुंध्याशी डिंक कुठेच दिसत नव्हता. बुंध्यातून एक पातळ साय निघाली होती. डिंकावरून चढून, पलीकडे उतरून ती सिमेंटवर चारी बाजूंनी पसरली होती. साय पिंगट, तिची कड गुलाबी. इतकी पातळ की खालच्या सिमेंटचे कण जाणवावेत. आणि त्या गुलाबी कडेमागे, नुकत्याच जिंकलेल्या जमिनीवर, सुईच्या अग्राएवढी नवी तोंडे फुटली होती. ती उघडत होती, मिटत होती. त्या चकतीवर उद्या त्यांचेच राज्य असणार होते. सिमेंट माणसाने ओतलेले, डिंक कारखान्यातला, पाणी नळाचे आणि मीठ पुड्यातले. त्यातून त्या आंधळ्या मांसाने स्वतःसाठी भूमी ओळखली होती आणि तिला मिठी मारली होती.

मग डॉक्टरांनी ट्रेमधली हेमांगीची एक फांदी उलटी करून भिंगाखाली धरली. जिथे तिने डिंक फासून गुळगुळीत केला होता तिथे बुंधा पांढराफटक पडला होता.

ते म्हणाले, “मी चाळीस वर्षं कवळ्या बसवल्या. फोटोत कवळी दातापेक्षा देखणी दिसते. फरक भाकरी तोडताना कळतो. कवळी आपण बसवतो, दात यावा लागतो. हेमांगी, तू या फांद्या चिकटवल्यास. उत्तम चिकटवल्यास. पण त्यांनी अजून काही धरलेलं नाही. चिकटवणं हे तुझं काम आहे, धरणं हे त्यांचं. आणि ज्या मांसानं ते धरणार होते त्यावरच तू डिंक फासलास, पडतील या भीतीनं. डिंक मोहरीएवढा लावायचा. तो पोहोचेपर्यंतचा आधार आहे, घर नाही. आज या अकरांना यश म्हणालीस, तर उद्या समुद्रातल्या दोनशे चौदांनाही सातव्या दिवशी यश म्हणशील.”

ठेकेदार मानला नाही. “तुम्ही ओढलंत म्हणून पडले, डॉक्टर. नसते ओढले तर उभे राहिले असते.”

“समुद्र रोज ओढतो,” डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर जे बोलणे झाले ते फार नाही. ठेकेदाराने विचारले की मग किती दिवस थांबायचे. डॉक्टरांनी नव्वद सांगितले. ठेकेदार म्हणाला की कागदावर सात लिहिले आहे, आणि नव्वद दिवसांत माझी भिंत पाण्याच्या वर येते. डॉक्टर म्हणाले की भिंतीला थांबता येते, दगड उपाशी मरत नाही. ठेकेदार जिना उतरता उतरता फोटोग्राफरला काय म्हणाला ते पहिल्या परिच्छेदात आले आहे.

तो गेल्यावर हेमांगी रडली नाही. तिने विचारले की या अकरांचे आता काय. डॉक्टरांनी कात्री पुढे केली. मेलेला पांढरा भाग कापून तिने त्याच फांद्या पुन्हा लावल्या, या वेळी मोहरीएवढ्या डिंकावर. डॉक्टरांनी एकच आज्ञा केली: नव्वद दिवस एकाही फांदीला हात लावायचा नाही. उजेड जास्त मिळावा म्हणून सरकवायचे नाही, कोन सुधारायचा नाही, धूळ झटकायची नाही. मग मी करायचे काय, असे तिने विचारले. “पाणी काल होतं तसं आज ठेव,” ते म्हणाले. “एवढंच. माणसाला हेच सर्वांत जड जातं.”

आणि ते जडच होते. रोज कामावर जाण्यापूर्वी ती येई. दिवसभरात जेवढे पाणी उडाले तेवढे गोडे पाणी घाली, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. परीक्षानळीत थेंब मोजून क्षार तपासी. मग हात पाठीमागे बांधून उभी राही. विसाव्या दिवशी एक फांदी तिला फिकी वाटली. तिने हात पाण्याजवळ नेला. काकूंनी खुर्चीतून नुसते खाकरून दाखवले. हात मागे आला. एकदा तिने विचारले की नव्वदच का, हे कोणत्या ग्रंथात आहे. डॉक्टर म्हणाले की कुठेही नाही. काही साठ दिवसांत धरतात, काहींना चार महिने लागतात. नव्वद हा आकडा प्रवाळाचा नाही, माझ्या अधीरतेचा आहे. पहिल्यांदा फांद्या लावल्या तेव्हा मी आठव्या दिवशी त्यांचा फोटो काढून माझ्या मित्राला पाठवला होता. त्याने पोस्टकार्डावर उलट लिहिले, ‘नव्वद दिवसांनी कळव.’ कळवायला काही उरले नव्हते.

इकडे समुद्रातले काम सुरू झाले. हेमांगी आणि तिघे पाणबुडे रोज बुडी मारत. छिन्नीने वसाहती सोडवायच्या, पाण्याबाहेर न काढता टोपल्यांतून टोकापलीकडे न्यायच्या आणि पाण्याखाली घट्ट होणाऱ्या लेपाने खडकावर बसवायच्या. लेप किती लावायचा यावरून तिचे पाणबुड्यांशी रोज वाजे. ते म्हणत, ताई, आम्ही जहाजांची भोकं बुजवली आहेत. ती म्हणे, हे भोक नाही. चार जानेवारीला दोनशे चौदावी वसाहत बसली.

अकरा जानेवारीला, सातव्या दिवशी, कार्यालयाचा छापील अर्ज तिच्यापुढे आला. त्यात ‘स्थलांतराची फलश्रुती’ असा रकाना होता. ठेकेदाराने तिला तिथे ‘यशस्वी’ एवढा एकच शब्द लिहायला सांगितला. तिने लिहिले, ‘वसाहती चिकटवल्या आहेत. त्यांनी खडक धरला की नाही, ते आज सांगता येत नाही.’ अर्जाच्या दुसऱ्या पानावर आणखी एक रकाना होता: ‘पाण्यात उतरून, हाताने तपासून खात्री करणाऱ्याचे नाव व तारीख.’ त्यात तिने आपले नाव लिहिले नाही. तिने लिहिले, ‘नव्वदाव्या दिवशी भरावे.’

ठेकेदाराने तिला समजावले. तो तिच्यावर ओरडला नाही, हे तिने नंतर मुद्दाम सांगितले. तो म्हणाला, मॅडम, तुमच्या एका शब्दासाठी चाळीस डंपर उभे आहेत. ती म्हणाली की साहेब, त्यांना उभं राहता येतं. उद्यापासून कामावर येऊ नका, असा निरोप तिला मिळाला. पहिली नोकरी अडीच महिने टिकली. तिचे वडील म्हणाले की जाळे फाटले तर शिवता येते. आजी म्हणाली की त्या डॉक्टरच्या नादी लागलीस तेव्हाच मला वाटले होते, आणि कवळी काढून मनसोक्त हसली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीतला नव्वदावा दिवस उजाडला. हेमांगी सकाळी नऊला आली. डॉक्टरांनी तिला हात धुवायला सांगितले. “आता तू ओढ.”

तिने पहिली फांदी धरली. बोटे फांदीला लागताच सगळी तोंडे मिटली. तिने पिळली. हलली नाही. दुसरी हलली नाही. तिसरी हलली नाही. सातवी मात्र हातात आली. ती कधीच मेली होती, नुसती उभी होती. ती तिने ट्रेमध्ये ठेवली. उरलेल्या दहांपैकी एकही सुटली नाही. चष्मा लावून तिने पाहिले, तर दहाही चकत्यांवर गुलाबी कड पसरली होती. एका चकतीवर ती कड काठापर्यंत जाऊन थबकलेली नव्हती. काठावरून खाली उतरून तिने टाकीतला मूळ दगड गाठला होता. आणि थोरल्या प्रवाळावर, जिथून तिने नोव्हेंबरात डोळे मिटून पहिली फांदी तुटताना ऐकली होती, तिथे एका फांदीच्या जागी दोन शेंडे फुटले होते.

बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. काकूंनी विचारले की काय दिसते आहे एवढे. हेमांगी म्हणाली, “काकू, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.”

“काय?”

“की हा दगड त्यांचा आहे.”

काकूंनी परडी बाजूला ठेवली, खुर्चीतून उठल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचा भिंगाचा चष्मा मागितला.

त्या दिवशी डॉक्टरांनी प्रवचन दिले नाही. हेमांगीने ते मागितलेही नाही. आठव्या दिवशी उपटलेल्या अकरा फांद्यांचा अर्थ तिला तिथे, चिमटीतल्या त्या न हलणाऱ्या फांदीतून कळला. सातवा दिवस करणाऱ्याचा असतो, नव्वदावा दिवस ज्याच्यासाठी केले त्याचा. आपल्याकडे सातव्या दिवसाचे फोटो फार निघतात. पुलांचे निघतात, शाळांचे निघतात, खड्डा खणून लावलेल्या रोपांचे निघतात. रोप हातात धरून हसणारी माणसे त्यात असतात. नव्वदाव्या दिवशी त्याच जागी जाऊन बोटाने ओढून पाहणारा त्यांतला एकही मला अजून भेटलेला नाही.

समुद्रातला नव्वदावा दिवस चार एप्रिलला होता. हेमांगीने वडिलांची होडी काढली. टोकाच्या अलीकडेच ठेकेदाराच्या माणसांनी ती परत फिरवली, बांधकामाची हद्द म्हणून. तिने कार्यालयाला लेखी विचारले की मला एका तासाची बुडी मारू द्या, नाहीतर तुमचा माणूस पाठवा. डॉक्टरांनी त्या अर्जावर दुसरी सही केली आणि खाली आपला भिंगाचा चष्मा उसना द्यायची तयारी असल्याचे लिहिले. अर्ज पोहोचल्याची पावती आहे. उत्तर नाही.

दक्षिणेच्या खडकांवर भराव पडला आहे. भिंत पाण्याच्या वर आली आहे. स्थलांतराचा अहवाल कार्यालयाच्या फलकावर लावला आहे, तो कोणालाही वाचता येतो. पहिले पान नव्याने टाइप केलेले आहे. त्यावर सही आहे, शिक्का आहे, अकरा जानेवारी ही तारीख आहे आणि ‘यशस्वी’ हा शब्द आहे. दुसरे पान बदलायचे राहून गेले. आज मे संपत आला. चार दिवसांनी पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या जातील आणि समुद्र पुढचे दोन महिने पूर्ण ताकदीने ओढेल. दुसऱ्या पानावर, पाण्यात उतरून हाताने तपासणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात, हेमांगीच्या निळ्या शाईतले तीन शब्द तसेच आहेत: ‘नव्वदाव्या दिवशी भरावे.’ त्याखाली कोणाचेही नाव नाही.